आधी बघू दे

दत्ता, माझ्या मायबापा, आज तुझ्याशी तुझ्या गुरूंविषयी बोलायला बसले आहे.

तू सगळ्यांचा गुरू, आणि तूच चोवीस गुरू केलेस. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजानं विचारलं, की एवढा निश्चिंत कसा हिंडतोस; तेव्हा अवधूताच्या रूपातल्या तू कुठल्या मठाचं किंवा पंडिताचं नाव घेतलं नाहीस. पृथ्वी सांगितलीस, वारा सांगितलास, समुद्र सांगितलास. आणि मग कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी, कुंभारीण. चोवीसांतले अकरा गुरू असे, की त्यातले निम्मे घरात शिरले तर आम्ही झाडू घेऊन धावतो. एकनाथांनी ते सगळं आमच्या मराठीत उलगडून ठेवलं. आम्ही धडे पाठ केले. गुरूंकडे बघायचं तेवढं राहून गेलं.

म्हणून मागणं लहान आहे. मला मोक्ष झेपायचा नाही. मला वैराग्यही आज नको. आधी मला बघू दे.

पतंगाचंच घे. लहानपणापासून ऐकत आले, की पतंग रूपाला भुलतो, ज्योतीवर झेपावतो आणि जळतो. तसाच माणूस मोहापायी जळतो. 2024 साली काही शास्त्रज्ञांनी रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या किड्यांचं अतिवेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून आपलं म्हणणं मांडलं. दिसलं ते निराळंच होतं. बहुतेक किडे दिव्यावर झेपावत नव्हतेच. ते दिव्याकडे पाठ करत होते. आम्ही दिवे लावायच्या आधी कोट्यवधी वर्षं रात्रीही सगळ्यात उजळ असायचं ते आकाश. त्याच्याकडे पाठ ठेवली, की वर कुठे आणि खाली कुठे हे त्या इवल्याशा जिवाला उडता उडता कळायचं. मग आम्ही दिवा लावला. त्याच्या देहाला तेच आकाश वाटलं. दिव्याकडे पाठ धरण्यासाठी तो वळतो, पुन्हा वळतो, वळतच राहतो. दिव्याच्या वर गेला तर उलटा होतो आणि कोसळतो. त्याला कसलाही मोह नव्हता, देवा. त्याला सरळ उडायचं होतं.

तू त्याला लोभी म्हणाला नाहीस, हे आता लक्षात येतं. तू त्याला गुरू म्हणालास. लोभी ठरवून मोकळे झालो ते आम्ही.

आणि दिवा तर मी तुझ्यासाठीच लावते. रोज तिन्हीसांजेला, हात जोडून, मनापासून. माझ्या भक्तीच्या वाती कुणाचं तरी आकाश हिरावून घेत असतील, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. देवा, माझं वाईट तू सांभाळून घेशील याची मला खात्री आहे. माझं चांगलंही सांभाळ. मी दयेनं काही करायला निघाले, भक्तीनं काही वाहायला निघाले, की माझा हात धर आणि म्हण, आधी बघ.

आधी बघू दे, दत्ता.

कबुतराकडे बघू दे. तू त्याची गोष्ट सांगितलीस: पिलं जाळ्यात अडकली म्हणून आई जाळ्यात गेली, आणि तिच्यामागून बापानं स्वतःला झोकून दिलं. अतिमायेचा नाश, असा तो धडा. पण त्या बापाविषयी मला एक नवीन कळलंय ते तुला सांगते, तुला ठाऊक असलं तरी सांगते. कबुतराच्या बापालाही दूध येतं. गळ्याखालच्या पिशवीचं अस्तर फुगतं, त्याच्या पेशी सुटतात, आणि त्यातून दह्याच्या चोथ्यासारखं काहीतरी तयार होतं. पहिले काही दिवस पिलाला दुसरं काहीच चालत नाही; तेच आई भरवते, तेच बापही भरवतो. बाईच्या अंगी दूध आणणारं जे संप्रेरक, तेच त्या बापाच्याही रक्तात वाढतं. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षीही आपल्या पिलांना असंच दूध देतात. त्यांचं दूध लाल असतं, आणि पिलं वाढवता वाढवता आईबापांच्या पंखांचा गुलाबी रंग उतरत जातो. अंगावरची लाली पिलाच्या पोटी घालणारे हे जीव, देवा, आणि आम्ही त्यांच्यासोबत फोटो काढून घरी येतो.

कबुतरांशी तर आमचं फार विचित्र चाललंय. पुण्य म्हणून चौकात पोत्यांनी धान्य ओतायचं. त्यांची संख्या वाढली, विष्ठेची धूळ माणसांच्या फुप्फुसांत गेली, की त्यांनाच शिव्या द्यायच्या. मग गॅलरीला जाळी लावायची. मीही लावली आहे. जाळीच्या अलीकडे मी आणि पलीकडे तो दूधवाला बाप, असे आम्ही एकमेकांकडे बघतो. मला त्याचा राग करवत नाही आणि त्याला आत घेववत नाही. एवढीच माझी पोच आहे. हिच्यात जेवढं मावेल तेवढं दे.

आता एक तक्रार ऐक. प्रार्थनेत तक्रार करू नये म्हणतात, पण तुझ्यावाचून ती मी कुणाला सांगू?

तुझी चोविसावी गुरू कुंभारीण. ती किड्याला मातीच्या घरात कोंडते, किडा भयानं तिचंच ध्यान करत राहतो, आणि ध्यान करता करता तिचंच रूप होतो. केवढा आधार होता या गोष्टीचा! मी तुझं ध्यान धरलं तर माझंही काही होईल, असं वाटायचं. आमच्या खिडकीच्या कोपऱ्यात तिनं घर केलं, की मी ते मोडू द्यायची नाही. पुढे कळलं, की ती नांगी मारून अळीला लुळी करते. मारत नाही, कारण मांस ताजं राहायला हवं. त्या लुळ्या अळ्यांपाशी आपलं अंडं ठेवते आणि दार लिंपून निघून जाते. अंड्यातून तिचं पिलू निघतं आणि कोठडीतल्या अळ्या खाऊन मोठं होतं. आत गेली ती अळी, बाहेर आली ती कुंभारीण, आणि आम्ही समजलो ध्यान फळलं.

त्या दिवशी तुझ्यावर रुसले होते मी. एकाचं बालपण दुसऱ्याच्या देहावर कशाला पोसतोस? उत्तर मिळालं नाही. मिळावं असा हट्टही नाही. पण ते लिंपलेलं दार बघितलं, की आत दोघंही आहेत हे मला ठाऊक असतं, आणि नमस्कार कुणाला करायचा ते कळत नाही. तेव्हा मी दोघांनाही करते. तू ज्याच्याकडे असशील त्याला पोचव. दोघांकडेही असशील तर दोघांना पोचव.

मला सगळं समजू दे असं मागत नाही. न समजलेलं सोसू दे.

अजगर निजून असतो, समोर येईल ते खातो, नाही आलं तर उपाशी राहतो, असं तू म्हणालास. खरंच आहे ते. महिनोन्‌महिने काही मिळालं नाही, तर तो आतडीसुद्धा आवरून घेतो. आणि ब्रह्मदेशी अजगराला भक्ष्य मिळालं, की दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढतं. अन्न पचलं, की परत होतं तेवढं होतं. एका जेवणापुरतं मोठं झालेलं हृदय! मला दोन्ही वेळचं ताट मिळतं, देवा, आणि माझं आहे तेवढंच राहतं.

हत्ती स्पर्शाला फसतो, म्हणून तो गुरू. पण हत्तीचा स्पर्श म्हणजे काय, हे तरी आम्हाला कुठे ठाऊक होतं? आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या खर्जात तो बोलतो. ते बोलणं हवेतून जातं तसं जमिनीतूनही जातं, आणि दूरचा हत्ती पाय रोवून, तळव्यांनी ते ऐकतो. इकडे माणसं शेजारी बसून एकमेकांना हाका मारत असतात. माझे तळवे तरी कधी ऐकू लागू देत.

आणि कोळी? त्याच्याबाबत तुझा शब्द तंतोतंत खरा ठरला. ज्यानं जाळं विणलं तोच ते गिळतो, असं तू म्हणालास. अनेक कोळी ते करतात. जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्यातून नवं विणतात. माझ्याकडे जुनी जाळी फार साठली आहेत रे. गिळवत नाहीत.

आता तुझ्या घराविषयी बोलते.

नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर औदुंबराखाली तुझ्या पादुका आहेत. आम्ही त्या झाडाला प्रदक्षिणा घालतो, पारावर बसून पोथी वाचतो, पडलेलं उंबर पायाखाली येऊ नये म्हणून जपून चालतो. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आम्ही म्हणतो, उंबराचं फूल झालास की! कारण उंबराचं फूल कुणी बघितलेलं नसतं. ते दिसणार कसं? ज्याला आम्ही फळ म्हणतो ती तोंड मिटलेली फुलांची परडी आहे. शेकडो फुलं आतल्या बाजूला उमललेली, आणि टोकाशी एकच दार, तेही खवल्यांनी जवळजवळ बंद.

त्या दारातून एक जीव आत जातो. उंबर फोडल्यावर जी केंबरं उडतात ना, त्यांच्यातलाच तो. जेमतेम दोन मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली मादी. दार इतकं अरुंद, की आत शिरताना तिचे पंख तुटतात, मिशाही तुटतात. परतायचं नाही, हे दारातच ठरून जातं. आतल्या अंधारात ती बरोबर आणलेला पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते, आणि तिथेच मरते. पुढे तिची पिलं तयार होतात. आधी नर जागे होतात. त्यांना पंख नसतातच. गाठींत मिटलेल्या माद्यांना ते तिथेच भेटतात, आणि मग सगळे मिळून फळाच्या भिंतीत बोगदा पाडायला लागतात. तो बोगदा त्यांच्यासाठी नसतो. उडायला त्यांच्याकडे काहीच नाही. बोगदा पुरा होतो आणि त्यांचा जन्मही. मग माद्या आतल्या फुलांचा पराग छातीवरच्या इवल्याशा खिशांत भरून घेतात, भावांनी पाडलेल्या वाटेनं बाहेर पडतात, आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरं उंबर शोधायला निघतात, जिथे दारात पुन्हा पंख तुटणार आहेत.

सहा कोटींहून अधिक वर्षं उंबराच्या कुळाचा आणि या जिवांच्या कुळाचा हा व्यवहार चालू आहे, देवा. झाडावाचून त्यांना जन्म नाही, त्यांच्यावाचून झाडाला बी नाही. मैना, धनेश, वटवाघळं, खारी, सगळ्यांचं पोट या दोन मिलिमीटरवर चालतं. आम्ही खाली बसून अध्याय मोजत असतो, आणि डोक्यावर फांदीफांदीला, खोडाला चिकटलेल्या प्रत्येक घडात कुणीतरी कुणासाठी तरी भिंत पोखरत असतं.

या जिवाला तू चोवीसांत घेतलं नाहीस. अगदी तुझ्या घरातला, म्हणून सांगायचा राहिला का?

मला त्या नराचं बळ नको. ते मला पेलणार नाही. त्याच्यातलं एवढंसंच दे: ज्या वाटेनं आपण जाणार नाही, ती वाट पुरी करायची चिकाटी. मी लावलेल्या रोपाची सावली मला मिळणार नाही. मी शिकवलेलं पोर मला ओळख देणार नाही. तरी भिंत अर्धी सोडून मी बसून राहू नये. मधेच थकले तर थकू दे. पण कशाला, असं मला म्हणू देऊ नकोस.

आणि जिनं पंख दारात ठेवले, तिच्यासाठी मी काही मागत नाही. तिच्यासमोर मागणं शोभत नाही. तिला फक्त नमस्कार.

तुझ्यामागे गाय उभी असते. तिच्याकडे बघूनच पुढचं बोलावं लागतंय, आणि जीभ जड होते आहे. आमची गाय दुखण्यानं हैराण झाली, म्हणून आम्ही तिला औषध दिलं. डायक्लोफिनॅक. माणसाच्या सांधेदुखीवर देतात, तेच. दयेनंच दिलं, शेतकऱ्यानं दिलं, गुरांच्या डॉक्टरनं दिलं, कुणाच्या मनात पाप नव्हतं. गाय मेली, नेहमीसारखी रानात टाकली, आणि गिधाडं उतरली. सडलेल्या मांसातले भयंकर रोगजंतू ज्यांच्या पोटातलं आम्ल मारून टाकतं, त्या गिधाडांना हे औषध मात्र पचेना. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एखादंच उरेल इतकी मेली. मरण्याचं कारण 2004 साली जगापुढे आलं. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर आकाश रिकामं झालं होतं.

सीतेसाठी ज्यानं पंख कापून घेतले त्या जटायूची ही जात. रावणाला पुरून उरली आणि आमच्या दयेला बळी पडली.

मी गिधाडांना कुरूप म्हणत आले. गावाबाहेर ती दिसली, की तोंड फिरवायची. आता फिरवायला तोंड आहे आणि गिधाडं नाहीत. रायगडच्या चिरगावात, विदर्भाच्या काही रानांत थोडी राहिली आहेत. त्यांना मेलेल्या गुरांचं निर्धोक मांस मिळावं म्हणून झटणारी माणसं आहेत. त्या माणसांना आयुष्य दे. त्या घरट्यांतलं एकेक अंडं उबव. वर्षाकाठी एक जोडी एकच अंडं घालते, देवा. हिशेब तुलाच कळतो, पण मी आठवण करून देते.

आम्हाला दया दे, पण डोळस दे. डोळस देता येत नसेल, तर काही काळ दया थांबव आणि डोळे दे.

शेवटचं मागणं माझं स्वतःचं आहे.

माझी लेक दूर आहे. मी जागी असते तेव्हा ती झोपलेली असते. फोनवर तिचा चेहरा दिसतो, आणि तेवढं बघून माझं भागत नाही. आमच्या संतांनी सांगितलं, की कासवी पिलांना पाजत नाही, भरवत नाही. ती नुसत्या नजरेनं त्यांना पोसते. त्या शब्दांवर मी बरेच दिवस काढले. वाटायचं, मीही नजरेनं पोसीन.

आणि मग वेळासला, किनाऱ्यावर, कासवांसाठी राबणाऱ्या माणसांनी खरं काय ते सांगितलं. रात्री मादी वर येते, वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. मागे वळून बघतसुद्धा नाही. दीडेक महिन्यानं पिलं निघतात तेव्हा ती कुठल्या पाण्यात असते कोण जाणे. पिलं नर व्हायची की मादी, तेही ती ठरवत नाही, वाळू ठरवते. वाळू थंड असेल तर नर जास्त, ऊन असेल तर माद्या जास्त. 2021 साली ओडिशाच्या गहिरमाथ्याला वल्ह्यासारख्या पायाला खूण लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेच्या समुद्रात, सगळ्या दक्षिण टोकाला वळसा घालून, एकटी. तिला कुणी वाट दाखवली, हे मी तुला विचारत नाही. तिच्या पिलांना जी नजर पोसते ती कुणाची, हेही विचारत नाही. ती नजर माझ्या लेकीवर असू दे, एवढंच म्हणते. माझी तिथवर पोचत नाही.

तिला तिकडे ऊब कमी पडू देऊ नकोस. तिला वेळेवर जेवण आठवू दे. रात्री उशिरा ती एकटी घरी जाते, तेव्हा बरोबर चाल. तुझ्या चार कुत्र्यांपैकी एखादं तिच्यामागे पाठव; तिला कुत्री आवडतात.

आणि ती नाही आली परत, तिचा किनारा निराळाच ठरला, तर मला वाळू लोटून सरळ निघता येऊ दे. आज येणार नाही. तोवर शिकव.

एवढं ऐकलंस, आता उठते. जाता जाता त्या पिलांचं सांगून ठेवते, कारण ते माझ्या एकटीच्या हातात नाही. वाळूतून वर आलेलं पिलू उजेडाकडे जातं; रात्री समुद्रावरचं क्षितिज उजळ असतं, म्हणून ते पाण्याला लागतं. किनाऱ्यावर दिवे असले, की ते उलटं फिरतं आणि रस्त्याकडे, कुत्र्यांकडे, उन्हाकडे जातं. पतंगाचं झालं तेच. दत्ता, या मोसमात पिलं निघायच्या रात्री कोकणातल्या किनाऱ्यालगतच्या घरांनी आणि हॉटेलांनी समुद्राकडचे दिवे बंद ठेवावेत, अशी बुद्धी आम्हा सगळ्यांना दे.